अत्याबाईंसाठी सूप

११ मार्च २०१९, सोमवार
पुरवणीच्या संपादकांचा फोन — ‘ताई, उन्हाळ्यासाठी आशियाई सूप. घरी करण्यासारखी, सोपी. चार भाग. पहिला गुरुवारी.’ शिरूर कासारात टँकरची वाट बघायची आणि मी पाण्याचे पदार्थ लिहायचे! हो म्हणून टाकलं.

खरं कारण सासूबाई. अत्याबाईंचे खालचे सगळे दात गेल्या महिन्यात काढले. हिरड्या भरून आल्या की कवळी. तोवर भाकरी चावत नाही, आणि दूध सोसायटीच्या चारा छावणीत भाकरीवाचून काही नाही. दुष्काळ सरेपर्यंत दोन म्हशी नि एक गाय घेऊन त्यांचा तिथंच मुक्काम. बांगड्या पार कोपरापर्यंत चढतात. सूप तरी पोटात जाईल.

१२ मार्च
चिनी पद्धतीचं. आलं, लसूण, बारीक कोबी, बीडहून आणलेला सोया सॉस. सवयीनं मीठही टाकलं — सॉस आधीच खारट! किटली स्कूटीला अडकवून छावणीत नेली.

अत्याबाई दोन घोट सूप प्यायल्या आणि तांब्याभर पाणी. ‘गीता, सूप पाजायला आलीस का घागर रिकामी करायला?’ शेजारच्या दावणीच्या भिवराबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

१४ मार्च
लेख वेळेत गेला. पहिलं वाक्य — सोया सॉस घालणार असाल तर मिठाचा डबा लांब ठेवा.

१६ मार्च
थाई. गवती चहा, आलं, नारळाचं दूध. लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद करून. पहिला घाणा फाटला तेव्हा कळलं!

अत्याबाईंनी वास घेतला. ‘च्या हाय का आमटी? एक काय ते ठरीव.’ पण प्यायल्या. अर्धी वाटीच — बाकीचं भिवराबाई आणि आणखी तिघींत वाटलं. छावणीत एकट्यानं खायची रीत नाही. मग अत्याबाईंच्या पोटात जाणार किती?

१९ मार्च
आज उठताना अत्याबाईंनी म्हशीच्या पाठीचा आधार घेतला. ‘पायाला मुंग्या आल्यात,’ म्हणे. डॉक्टर म्हणाले, घरी आणा, थोडं थोडं ऊन ऊन चारदा द्या.

सोसायटीचे सचिव पंडित यांना म्हटलं, अत्याबाईंच्या जागी छावणीत मी राहते.

‘वैनी, सांजच्या हजेरीला सभासदच पायजे. तुमच्या सासूबाई, छबुबाई, सभासद. त्या न्हाईत तर त्यांची जनावरं बी न्हाईत.’

‘मग सभासद बदला.’

‘ते त्यांनी म्हणायचं. तुमी न्हाई.’

यांचा परळीहून फोन — ‘आईपुढं तो विषयच काढू नको. जनावरं सोड म्हटलं तर ती आधी मला सोडंल!’ मामंजी गेल्यापासून सोसायटीत नाव अत्याबाईंचं. मी कुठल्या तोंडानं मागू?

२० मार्च
होळी. पुरणपोळी दुधात कुस्करून नेली. अर्धी खाल्ली.

२३ मार्च
लाल भोपळा शिजवून घोटला, आल्याचा रस, थेंबभर सोया सॉस, वरून मोडलेल्या शेवया. जपानी म्हणावं का? निदान जपानच्या दिशेचं! आज भिवराबाईंची वाटी आधीच वेगळी भरून नेली होती.

‘ह्ये लई ग्वाड हाय.’ वाटी बोटानं पुसून घेतली! ‘असलं रोज ऊन ऊन मिळालं तर माणूस हत्ती व्हईल.’

‘घरी रोज मिळेल,’ मी म्हणाले.

अत्याबाईंनी थोरल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग — ‘थोरली रेडकू दिसल्याबिगर पान्हवत न्हाई. ठावं हाय का तुला?’

‘नाही.’

‘गाईला आदी हाक मारायची, मग कासंला हात लावायचा. ध्यानात ठिव.’

दिवस कलेपर्यंत सांगत होत्या. का, ते मी विचारलं नाही.

२६ मार्च, मंगळवार
अत्याबाईंनी सभासदत्व माझ्या नावावर केलं. लेकाच्या नाही! पंडितांनी दोनदा विचारलं, ‘सूनबाईच्याच ना?’ ‘दात गेलेत माजे, डोस्कं न्हाई.’ हे रजा काढून आले, अत्याबाईंना घरी घेऊन गेले. सूप कोण करणार म्हटलं, तर त्या — ‘मी! शिजवायला कुटं दात लागत्यात?’

मी इथं, दावणीशेजारी. हजेरीला माझं नाव पुकारलं.

‘हाय!’ म्हणाले.