यजमानाचा गुडघा

कोपर, डोंबिवली पश्चिम
माघ वद्य सप्तमी

तीर्थरूप ताईस,

हरिहरचा सप्तांग नमस्कार. साष्टांगच लिहायला घेतलं होतं, पण त्या आठ अंगांत गुडघेही येतात (छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे, मोजून बघ) आणि ते खातं सध्या बंद आहे. खोटा नमस्कार कशाला पाठवा? उरलेली सात अंगं यथाशक्ती टेकली असं समजून घे. इकडे सर्व क्षेम, तिकडचं क्षेम कळवावं, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं माझा फोन उचललेला नाहीस. ‘कुलस्वामिनी परिवार’ ग्रुपमधूनही निघून गेलीस, मागे नुसती एक करडी ओळ ठेवून. म्हणून हे पत्र. टपालाने येणाऱ्या माणसाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

पुढचं सांगण्याआधी आपलं भांडण एकदा नीट मांडून ठेवतो, कारण घरातला प्रत्येक जण ते आपापल्या सोयीने सांगतो. तीन वर्षांपूर्वी माघातल्या कुळधर्माला बावीस पानं वाढून झाली होती आणि तू म्हणालीस, हरी, मला एक खुर्ची दे, मांडी घालवत नाही. मी म्हणालो, कुळधर्माचं पान पाटावरच. आई शेवटपर्यंत मांडी घालून बसायची. इथपर्यंत माझं काही चुकलं असं मला आजही (म्हणजे परवापरवापर्यंत) वाटत नव्हतं. त्यापुढे मी जे बोललो ते मात्र सगळ्यांना पाठ आहे. तीन जिने चढून येताना गुडघा दुखत नाही, मांडी घाल म्हटलं की बरा दुखतो. पंगतीत हशा पिकला. तू हसली नाहीस. उभ्यानेच देवीला हात जोडलेस, चपला घातल्यास आणि न जेवता तेच तीन जिने उतरून गेलीस. चार महिन्यांनी ठाण्याला तुझे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हा मी आलो नाही. मानी पडलो ना. माझा मान राखायला घरात दुसरं कुणी नव्हतंच, ते कामही मलाच करावं लागायचं.

आता माझ्या गुडघ्याकडे येतो. मी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि एकतीसही वर्षं आठवीला मानवी सांगाडा शिकवला. गुडघा हा बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेने उघडणारा, हे वाक्य मी अर्ध्या डोंबिवलीकडून पाठ करून घेतलंय. अशा माणसाचा गुडघा दुखावा हे शोभतं का? म्हणून मी तो दुखत नाही असं ठरवलं आणि वर्षभर निभावून नेलं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचायचो. (दुसऱ्या मजल्यावरच्यांना वाटलं मी त्यांच्यावर पाळत ठेवतोय. त्यांनी दाराला पडदा लावला.) उतरायचो आडवा, खेकड्यासारखा. योगिनीने विचारलं तर सांगायचो, नवीन व्यायाम आहे. तिने कपाळाला हात लावला, पण तो काय, ती लग्न झाल्यापासून लावते आहे.

त्यात खाली गोपीनाथ. त्यांच्या वडिलांच्या भातशेतावर आमची बिल्डिंग उभी आहे, एवढं म्हटलं की तुला आठवतील. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी गेटपाशी उकिडवे बसून तासभर पेपर वाचतात आणि कुठेही हात न टेकता उभे राहतात. जन्मभर चिखलात भात लावला, मिठागरात राबले, आणि गुडघे कोरे करकरीत. मी जन्मभर गुडघ्याची फळ्यावर आकृती काढली. मला आडवा उतरताना पाहून म्हणाले, मास्तर, पाय रुसलाय का तुमचा? मी म्हटलं, नाही हो, बूट नवा आहे. पायात स्लिपर होती. त्यांनी ती पाहिली आणि पेपरचं पान उलटलं.

यंदाच्या कुळधर्माच्या आदल्या दिवशी योगिनी म्हणाली, यावर्षी टेबलखुर्च्या मांडूया का, मंडपवाला द्यायला तयार आहे. मी म्हटलं, मुळीच नाही. कारण तुला सांगायला नको. जी खुर्ची ताईला दिली नाही तीच स्वतःच्या बुडाखाली घेतली असती, तर कुणी काही बोललं नसतं, नुसतं खुर्चीकडे पाहिलं असतं. तेव्हा बसलो पाटावर. बसणं अवघड नसतं, वजनच काम करतं. शेवटचं वीतभर अंतर मी सरळ पडलोच, पण पाटावरच पडलो, म्हणून ते बसण्यात जमा झालं.

आपली रीत तू जाणतेस. यजमानाने आपोष्णी घेतल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही आणि यजमान उठल्याशिवाय कुणी पानावरून उठायचं नाही. मोडणाऱ्याकडे डोळे वटारायचं काम गेली पंचवीस वर्षं माझ्याकडेच आहे. पुरणपोळ्या झाल्या, ताकभात झाला, मी उठायला गेलो. उठलो नाही. पुन्हा गेलो. वरचं अर्धं शरीर निघालं, खालच्या अर्ध्याने साफ नकार दिला. आता बावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघताहेत. माणसाने सरळ सांगावं की नाही, की बाबांनो, मला उठवा? मी म्हटलं, योगिनी, वाढ गं आणखी एक पोळी. यजमान पोळी घेतोय म्हटल्यावर पाहुण्यांना आग्रह आलाच. मी दुसरी घेतली, त्यांनी दुसरी घेतली. मी मठ्ठा मागितला, सगळीकडे मठ्ठा फिरला. ज्यांना साखर आहे त्यांनीही रीत म्हणून पुरण गिळलं. भटजींना पुढच्या कुळधर्मासाठी दिव्याची लोकल गाठायची होती. ते घड्याळाकडे बघायचे, मी वाढणारीकडे.

पोट भरलं तशी वेळ काढायला विषय हवा झाला, म्हणून मी गुडघ्यावरच बोलायला लागलो (चोराच्या मनात चांदणं). सांगितलं की मांडीचं हाड वरून येतं, नडगीचं खालून येतं, आणि वरच्याची दोन गोल टोकं खालच्याच्या सपाट माथ्यावर नुसती ठेवलेली असतात, पाटावर दोन लाडू ठेवावेत तशी. ती घरंगळू नयेत म्हणून मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या, आत एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन अस्थिबंध, दोन्ही कडांना एकेक, आणि पुढे वाटी, तिच्यामुळे मांडीच्या स्नायूला पाय ताठ करायला सोपं जातं. जिना उतरताना वाटीमागे शरीराच्या तिप्पट भार येतो, खाली बसून उठताना सात-आठपट. ऋतुराज म्हणाला, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेसहाशे किलो, बाबा? मी म्हटलं, हो, आजच्या पोळ्या सोडून. कुणीतरी ढेकर दिली. दोन म्हाताऱ्या पाटावरच पेंगायला लागल्या होत्या.

अशी चाळीस मिनिटं गेली. बावीस उष्टे हात वाळून खडखडीत झाले. शेवटी सान्वी (ऋतुराजची मुलगी, तू पाहिलीस तेव्हा चार वर्षांची होती) मोठ्याने म्हणाली, आजोबांना उठताच येत नाहीये, मघापासून. लहान मुलांच्या गुडघ्याची वाटी जन्मतः मऊ कूर्चेची असते, तिचं हाड पुढे हळूहळू बनतं. जिभेला मात्र या वयात नसतं आणि, माझ्यावरून सांगतो, नंतरही येत नाही. मग एका काखेत ऋतुराज, दुसऱ्या काखेत सोवळ्यातले भटजी (उष्ट्या यजमानाला धरल्याबद्दल त्यांना काही प्रायश्चित्त असेल तर ते त्यांनी दिव्याला जाऊन घेतलं असेल), असा मी वर आलो. आणि मला ठेवलं कशावर? गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, देवीसमोर. कुणी हसलं नाही, ताई. एकही जण नाही. पाणी आणलं, पाय चोळले, काका जपा म्हणाले. हे तेच लोक, जे तुला हसले होते. मला त्यांचा राग आला आणि मग तो धड त्यांच्यावर करताही येईना.

बातमी फुटल्यावर सल्ल्यांना काय तोटा? निर्गुडीचं तेल, भिजवलेल्या मेथ्या, कोरफडीचा गर, चुंबकाचा पट्टा. सकाळच्या फेरीतल्या एका गृहस्थांनी उलटं चालायला सांगितलं. मी चाललो, गोपीनाथांच्या पेपरवर जाऊन बसलो. पेपर त्यांच्या हातातच होता. त्यांनी मला उचलून उभं केलं आणि म्हणाले, मास्तर, डॉक्टरला दाखवा, आता बूट जुना झाला.

तर ठाण्याला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील, टेबलावर प्लॅस्टिकचा गुडघा. मी आपला रुबाबात म्हणालो, बिजागरीचा सांधा, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, नुसती बिजागरी नाही, सर. पाय अगदी ताठ होताना नडगी शेवटी जराशी बाहेर फिरते आणि गुडघ्याला कुलूप लागतं, म्हणून आपण फारशी ताकद न लावता उभे राहतो. वाकवायचा असेल तर मागचा एक लहानसा स्नायू आधी ते कुलूप काढतो. म्हणजे एकतीस वर्षं मी अर्धवट शिकवलं. (आता त्या सगळ्या आठव्या कुठे गाठू?) मग त्यांनी एक्स-रे दाखवला. दोन हाडांमध्ये जी फट असायला हवी ती नाहीच. मी विचारलं, एवढं झिजेपर्यंत मला कळलं कसं नाही? त्या म्हणाल्या, कूर्चेत मज्जातंतूच नसतात. ती झिजत असते तेव्हा दुखत नाही, ती संपून हाडाला हाड घासलं की दुखतं. बाई गुडघ्याबद्दलच बोलत होत्या, पण मला उगाच घाम फुटला. पुढे विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास होता? म्हटलं, थोरल्या बहिणीला. मग तुम्हाला कल्पना असेलच किती दुखतं ते, असं त्या अगदी सहज म्हणाल्या. मी एक्स-रेकडे बघत बसलो. त्यात आणखी काही बघण्यासारखं नव्हतं.

असो, फार लिहिलं. मला बिलकूल भीती वगैरे वाटत नाही, आजकाल गुडघे बदलणं म्हणजे चष्म्याचा नंबर बदलण्यासारखं झालंय. तुझ्या तब्येतीला जप. घरातल्या लहानांना आशीर्वाद. माझ्याहून मोठं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, तेव्हा मोठ्यांना लिहायचे ते सगळे नमस्कारही तुलाच घे.

तुझा धाकटा,
हरी

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. तुझा वॉकर आणि ती कमोडवर ठेवायची उंच सीट माळ्यावर पडून असेल तर ऋतुराज येऊन घेऊन जाईल. बाकी काही काम नाही.

ता. क. २ : पुढच्या वर्षीपासून कुळधर्माला टेबलं मांडणार आहोत. ही माघार नव्हे. मी भटजींना फोन करून विचारलं, शास्त्रात खुर्चीला हरकत आहे का. ते म्हणाले, कशाला असेल? मी म्हटलं, मग तीन वर्षांपूर्वी का नाही बोललात? तर म्हणाले, यजमान, तुम्ही बोलू कुठे दिलंत.

ता. क. ३ : वर ऋतुराजला पाठवतो लिहिलंय ते खोडायचं राहिलं. वॉकर हॉस्पिटलच देतं, उंच सीट योगिनीने कधीच आणून ठेवली आहे. ऑपरेशन येत्या गुरुवारी, ठाण्यालाच, तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी उभं करतात. तुला उभं केलं ती सकाळ मला माहीत होती, योगिनीने तारीख सांगितली होती, वेळही सांगितली होती. मी आंघोळ करून, कपडे घालून तयार झालो होतो, आणि गॅलरीत पेपर वाचत बसलो. तेव्हा कुणाचा हात धरलास, हे मी आजवर विचारलेलं नाही. शुक्रवारी सकाळी ये, ताई. मला फार भीती वाटते आहे.