अकरावा कागद

सोमवार
मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत आज एकाची भर पडली. नव्या रुग्णालयात मला मिळालेल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. बसलं की मी आपोआप येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे नम्र होते. बाकी सगळं छान. प्रसूती वॉर्ड लख्ख, खिडक्या मोठ्या, चहा पिण्याजोगा. वीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला आणखी काय हवं? मेट्रनबाईंनी रुजू होण्याचे अकरा कागद पुढे केले. चष्मा घरी राहिलेला. वाचत बसलात तर इथेच निवृत्त व्हाल, म्हणाल्या. केल्या सह्या.

मंगळवार
चार नंबरच्या खाटेवर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्यात. पाचवा महिना, पाणी गेलेलं. मूल जगणार नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. मग गर्भाशय लगेच रिकामं करायला हवं, नाहीतर विष अंगभर भिनेल, हे मी सांगितलं. त्यावर म्हणाले, पोटात ठोके चालू आहेत, माझा विवेक परवानगी देत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचाही देत नाही. एकाच मजल्यावर एवढे विवेकी लोक मी प्रथमच पाहिले.

बुधवार
ताप १०२. नवरा दुसरीकडे न्यायला तयार आहे, पण डॉक्टरांच्या पत्राशिवाय तिथे घेत नाहीत. पत्र देणं म्हणजे पापाला हात लावणं, म्हणून पत्रही नाही.
मी औषधांच्या कपाटाची किल्ली मागितली. मेट्रनबाईंनी फाइलीतला अकरावा कागद काढला: ‘गर्भ काढण्याच्या उपचारात भाग घेणे माझ्या विवेकाला मान्य नाही.’ खाली माझी सही. तुमचाच विवेक हो सिस्टर, म्हणाल्या, अगदी गोड हसून.
सही मागे घेते म्हटलं. त्यासाठी समिती आहे. ती शुक्रवारी बसते.

गुरुवार, सकाळ
१०४. हातपाय गार. डॉक्टर तासातासाला येतात, पोटाला यंत्र लावतात, ठोके ऐकून समाधानाने मान हलवतात. तिची नाडी कुणी—
तिने विचारलं, ताई, हे लोक माझ्या तोंडाकडे का बघत नाहीत?

गुरुवार, दुपार
यंत्राचा आवाज वाढवलाय. वॉर्डभर ठोके. ती आता बोलत नाही.
कपाटाचं कुलूप तोडलं.
आत काहीच नाही. फळ्यांवर धूळ. मग मेट्रनबाई किल्ली कशासाठी जपत—

शुक्रवार
ठोके थांबले. तिचे आधी, मग पोटातले. तेव्हा सगळे धावत आले, हातमोजे चढवत. आता कुणाच्याच विवेकाची हरकत नव्हती.
काल सकाळी तिने वेणी घालून मागितली होती. या अवतारात लेक ओळखायची नाही, म्हणाली. हातातलं आटपून येते म्हटलं होतं मी. राहिलंच.
पडदा ओढून घेतला. घातली. तीन पेडांची, घट्ट. बांधायला काही नव्हतं. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची नाडी तोडून—