खरखर नसलेली फाइल

सोमवार, ९. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. शिस्त म्हणजे शिस्त. (मागची वही सापडत नाही. आईने रद्दीत घातली असणार.)

काल ताईने एक काम सोपवलं. चोवीस तारखेला बाबांचं स्वरयंत्र काढणार. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर आवाज नाही. म्हणून त्याआधी बाबांचं अंगाईगीत रेकॉर्ड करून दे, पिटकूसाठी. पिटकू म्हणजे ताईची मुलगी. वय तीन, मुक्काम खालचा मजला. आजोबांनी गाणं म्हटल्याशिवाय दुपारी डोळा मिटत नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, गाणंही त्यांनीच रचलेलं. घड्याळाचा एकेक भाग झोपी जातो. दर वेळी नवीन कडवं घालतात, त्यामुळे कुणालाच पाठ नाही. आम्ही लहान असताना आईची हॉस्पिटलात दुपारपाळी असायची, झोपवायचे बाबाच. तिला तर चालही येत नाही.

भावोजी म्हणाले, फोनवर घेऊन टाक, दोन मिनिटांचं काम. शिसारी आली. घरात साउंड प्रोड्युसर असताना फोन! भावोजी जनावरांचे डॉक्टर आहेत. हंबरणं ऐकून ऐकून कान गेलेत. (चपलांच्या दुकानाची जाहिरात मीच केली. अजून दुकानात वाजते. मागच्या वर्षीपर्यंत वाजत होती.)

ठराव: अनकंप्रेस्ड फॉरमॅटच, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवणारा. पंधरा दिवस आहेत. घाई करायची नाही.

मंगळवार, १०
स्टुडिओ लावला. आई त्याला अडगळीची खोली म्हणते. भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या. गाद्यांना असा वास की नाक कापून ठेवावं.

बाबा स्टुलावर बसले आणि म्हणाले, म्हणू का? हे त्यांचं नेहमीचं. गाण्याआधी आम्हालाही विचारायचे, पिटकूलाही विचारतात. मी म्हटलं, थांबा, बाबा, आधी टेस्ट. गाणं टेस्टमध्ये खर्च करायचं नाही. टेस्टला ‘म्हणू का’ पुरे.

वेव्हमध्ये घेतलं. ऐकलं. खरखर! करपलेलं पातेलं घासल्यासारखी. वेव्ह हा फॉरमॅटच कारकुनी.

बुधवार, ११
दुसऱ्या फॉरमॅटमध्ये, एआयएफएफमध्ये घेतलं. खरखर बरीच कमी. मला माहीतच होतं.

संध्याकाळी ५
परत ऐकलं. तितकीच आहे. फ्रिजची घरघर मिसळत असणार. फ्रिज बंद केला.

गुरुवार, १२. सकाळी ७
फ्रिज चालू करायला विसरलो. दूध नासलं. आई जे बोलली ते इथे लिहीत नाही.

शुक्रवार, १३
शास्त्रीय पद्धत सापडली. एकच आवाज दोन्ही फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचा. मग एक उलटा करून दुसऱ्यात मिसळायचा. फरक असेल तेवढाच ऐकू येतो.

केलं. काहीच ऐकू आलं नाही. ठार शांतता. निष्कर्ष: सॉफ्टवेअर भिकार.

इंटरनेटवर रेकॉर्डिंगवाल्यांच्या फोरमवर एका शहाण्याने लिहिलं, दोन्हींत आवाजाचे आकडे तेच, फक्त लिहायची पद्धत वेगळी. डब्यावरचं लेबल बदललं म्हणून आतली साखर बदलत नाही. असल्या बहिऱ्यांना मी उत्तर देत नाही. (दिलं. चार पानी.)

रविवार, १५
ताई आणि भावोजी वर आले. भावोजींनी शेंगदाणे खात खात हेडफोन लावला. हेडफोनच्या गादीला तेलकट बोटं! स्पिरिट लावून दोनदा पुसली. ऐकून म्हणाले, अरे, ही खरखर फाइलमधली नाही, घशातली आहे. मी म्हटलं, तुम्ही म्हशी तपासा. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. गाद्यांचा वास सगळ्यांनाच झोंबतो.

माझ्या बाबांचा आवाज मला माहीत आहे. तो असा नाही.

मंगळवार, १७
आता रॉ. म्हणजे नुसते आकडे, डबा नाही आणि लेबलही नाही. आता बोला. खरखर आहेच. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची ते, वाढवून बघितला. आणखी स्वच्छ ऐकू येते. खरखर.

बाबा दर टेस्टनंतर बेसिनपाशी जाऊन खाकरतात. बराच वेळ. मला ते ऐकवत नाही, अंगावर काटा येतो. तेवढा वेळ हेडफोन लावून ठेवतो. मग येतात, पाणी पितात, स्टुलावर बसतात आणि विचारतात, म्हणू का? मी म्हणतो, थांबा, बाबा. आज सोळावी टेस्ट. आई दारातून म्हणाली, अरे, एकदा म्हणू दे की त्यांना. आईला वाटतं रेकॉर्डिंग म्हणजे कुकर लावणं.

गुरुवार, १९
आणखी तीन टेस्ट. निर्णय झाला. एआयएफएफ, चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ. उद्या अकराला फायनल टेक. भल्याभल्यांना वर्ष लागतं, मी अकरा दिवसांत केलं.

दुपारी जिन्यात होतो. खाली बाबा पिटकूला पूर्ण गाणं म्हणत होते. नवीन कडवं होतं. एक इवलासा स्क्रू, कुठं पडला ते कुणालाच सापडत नाही, आणि तो टेबलाखाली एकटाच गाढ झोपतो. मी पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं. फोन खिशातच होता. पण जिन्यात आवाज फार घुमतो. रेकॉर्डिंगला एकदम भिकार जागा.

शुक्रवार, २०. सकाळी ६.४०
बाबांना श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स बोलावली.

दुपारी १
डॉक्टर म्हणाले, चोवीसपर्यंत थांबता येणार नाही. ऑपरेशन आजच. मी माइक पिशवीत घालून नेला होता. नर्सला म्हटलं, दोन मिनिटं बाबांचा ऑक्सिजनचा मास्क काढा. तिने माझ्याकडे कसं बघितलं ते विसरता येत नाही. बाबांनी हाताने खूण केली. राहू दे.

रविवार, २९
काल बाबा घरी आले. गळ्याला पट्टी, हातात पाटी.

पिटकू आठवडाभर दुपारी झोपलेली नाही. आज ताई म्हणाली, जे काय असेल ते लाव. मी म्हटलं, गाणं नाहीये. ती म्हणाली, दहा-बारा दिवस काय करत होतास? एकोणीस फायली आहेत. एकोणीसच्या एकोणीस सारख्या. बाबा विचारतात, म्हणू का? मी म्हणतो, थांबा, बाबा.

लॅपटॉप खाली नेला. एक फाइल लावली. बाबा पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते. लॅपटॉपमधून त्यांचा आवाज आला, म्हणू का? खरखर होती. त्यांचाच आवाज होता.

पिटकू पटकन आडवी झाली. डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, म्हण.

मग माझा आवाज आला.

बाबांनी पाटी उचलली, काही लिहिलं नाही, परत मांडीवर ठेवली. पिटकू तशीच पडून राहिली, डोळे मिटून, वाट बघत. मी ‘थांबा’ म्हटलं होतं, म्हणून ती थांबली होती.

फाइल कुठल्या फॉरमॅटमधली होती ते मी बघितलं नाही.