कर्ण्याचं तोंड गावाकडं

जळकोट, चैत्र वद्य चतुर्थी, शके १८७०

पोलीस ठाण्याच्या अमीनानं आज गावाला फुकट गाणं ऐकवलं. शिव्यांशिवाय हा माणूस फुकट काही देत न्हाय. मग आज काय झालं? वर दारोदार निरोप, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाबी आणा. बॅटरीवरचा कर्णा सोलापुरावरनं आणलेला. तबकडीवरची बाई गायला लागली आन् माझ्या तांब्यातलं पाणी थरथरलं. शेजारीण कानाशी ओरडत होती, तरी मला तिचे नुसते ओठ दिसत होते. माणसं गावाबाहेर माळावर बसलेली, पर कर्ण्याचं तोंड रिकाम्या गावाकडं. का?

सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, कर्णा उलटा का हो लावलाय?”

“गप ऐक. लई शानी झालीस!”

आमचे हे सरकारविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेल्यापासून मला सगळ्याचाच संशय येतो. त्यांची चिठ्ठी कनवटीला खोचूनच गेले होते, तेवढं बरं.

दिवेलागणीला परतलो. घरात सगळं जागच्या जागी. आत्याबाई म्हणाल्या, “बघ, उगं जिवाला घोर लावून घेतीस.”

अंगणात मोत्या बांधलेला. मला बघून त्यानं भुंकायला तोंड उघडलं, पर आवाजच निघंना. भुंकून भुंकून घसा पार बसलाय त्याचा.