कावळा आणि तिसरा भाग

२ जून
आजपासून रोज चार ओळी लिहिणार. राग पोटात ठेवला की ॲसिडिटी होते.

राग यांच्यावर. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांचे नवरे जिवंत असतात.

मागच्या ऑक्टोबरात, दहाव्याला, घाटावर यांच्या पिंडाला कावळा शिवेना. जीव कशात तरी अडकला आहे, शब्द द्या, असं भटजी म्हणाले. मूलबाळ नाही, त्यामुळे त्या बाबतीत द्यायला शब्द नव्हता. म्हटलं, गच्चीचं गळणं दुरुस्त करून घेईन. कावळा भिंतीवरच. म्हटलं, वेळेवर जेवीन, बीपीची गोळी चुकवणार नाही. त्याने मान फिरवली. शेवटी म्हटलं, अंजूशी, म्हणजे माझ्या जावेशी, अबोला सोडीन. तो चोच घासत बसला.

मग माझे दीर संजीवभाऊजी पुढे झाले. हात जोडून म्हणाले, दादा, तो गेमचा तिसरा पार्ट मी पुरा करतो, तू जाय आता. कावळा आला. भातावर असा तुटून पडला की भटजींना हसू आवरेना.

एवढ्या वर्षांचा संसार. आणि जीव अडकला बंदुकीच्या खेळात.

४ जून
काल लिहिलं नाही. डोकं तापलं होतं. कूलरची मोटरही.

संजीवभाऊजींना फोन केला. आठ महिने होत आले, शब्दाचं काय झालं? म्हणाले, वहिनी, लग्नसराई हाय, दुकानातून मुंडी वर करायले टाइम नाही भेटून राहिला. तुमीच खेळून टाका न.

वा. शब्द देणारे हे, निस्तरणार मी.

ठरवलं. वर्षश्राद्धाच्या आत मीच संपवणार आणि टीव्हीला जोडलेली ती खेळाची मशीन विकणार. सक्करदऱ्यात एक जण जुन्या मशिनी घेतो, त्याचा नंबर काढून ठेवला. पंधरा दिवसांचं काम. माझी शाळा सातवीत सुटली, पण नंदनवनच्या वाचनालयातलं एक कपाट मी सोडलेलं नाही. एका खेळाची काय कथा.

५ जून
कथा अशी. एक शिपाई. पहिल्या भागात राक्षसी किड्यांमुळे पृथ्वी हातची जाते. दुसऱ्यात त्याचे अर्धे सोबती मरतात. तिसऱ्यात सगळं परत मिळवायचं. पहिले दोन भाग हे आणि भाऊजी दर रविवारी खेळले. दोन टकली माणसं, दिवाणावर मांडी घालून, एकमेकांना कव्हर दे, कव्हर दे करत. तिसरा आणला, पाकीट फोडलं, जरासा खेळले, आणि गेले.

पाकिटावर इंग्रजीत लिहिलं आहे. डिक्शनरी घेऊन लावलं. तिन्ही भागांचा समाधानकारक शेवट.

कोणाचं समाधान? पत्ता लिहा.

६ जून
मेले.

७ जून
मेले. शत्रू दिसलाच नाही. जिन्यावरून पडून मेले.

१५ जून
रिमोट खराब आहे. माझा दोष नाही. मी सरळ जाते, तो शिपाई भिंतीला डोकं लावून उभा राहतो.

शेजारच्या कौसल्याबाईंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, काय वं देवकी, कोणाले मारून राहिली सकाळपासून? म्हटलं, सिरियल पाहते आहे. म्हणाल्या, एवढा गोळीबार? म्हटलं, सासू-सुनेची आहे.

२२ जून
या खेळात मोठी खोट आहे. कादंबरीचं शेवटचं पान मी आधी वाचते. कोण राहणार, कोण जाणार ते कळलं की मग निवांत वाचता येतं. इथे ती सोय नाही. बनवणाऱ्यांना अक्कल नाही.

यांच्या वेळीही ती सोय नव्हती. सकाळी दूध आणायला पिशवी घेऊन निघाले होते. दूध कौसल्याबाईंनी आणून दिलं.

११ जुलै
हात बसला. माझ्या बापाच्या घरी माग होता, धोटा फेकणारा हात आहे हा. आज एक अख्खं स्टेशन साफ केलं. एक साथीदार मध्ये मध्ये येतो, त्याला दोनदा मीच गोळी घातली. यांच्यासारखाच. मी केर काढायला लागले की नेमका पाय तिथेच.

हे फक्त शब्दासाठी चाललं आहे. आवड वगैरे काही नाही. खिचडी करपली, पण कुकर जुना आहे.

३ ऑगस्ट
सक्करदऱ्याच्या माणसाचा फोन. बाई, मशीन कधी न्यायले येऊ? म्हटलं, या महिन्यात नक्की.

१९ ऑगस्ट
पोहोचले. शेवटचं दार. आत त्या सगळ्या किड्यांची आई बसली आहे. ती मेली की खेळ संपला. वाटलं होतं त्याहून सोपं निघालं.

उद्या सकाळी आटोपते.

२० ऑगस्ट
लाइट नव्हती. म्हणजे पाऊण तास नव्हती. पण मूड जातो.

२७ ऑगस्ट
अंगठा दुखतो. डॉक्टर म्हणाले, शिवणकाम कमी करा. करते म्हटलं.

३ सप्टेंबर
आज मारबत निघाली. पुतळा समोरून जाताना लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जाय, महागाई घेऊन जाय. मीही ओरडले, मशीन घेऊन जाय गे मारबत! बाजूचा पोरगा म्हणाला, वॉशिंग मशीन का, काकू?

एवढ्या कल्ल्यात दार उघडणं शक्य नाही. लक्ष लागत नाही.

११ सप्टेंबर
महालक्ष्म्या बसल्या. घरात देवी असताना बंदूक चालवू नये.

२० सप्टेंबर
पितृपक्ष. कोणाचीच आई मारणं बरं नाही, किड्यांची का असेना.

सवय राहावी म्हणून दारासमोर रोज अर्धा तास उभी राहते. शिपाई श्वास घेतो, खांदे वर-खाली होतात. कधी कधी बंदूक झटकतो. त्याला घाई नाही. मग मीच काय म्हणून करू?

सक्करदऱ्याचा परत फोन. म्हटलं, दसऱ्यानंतर. म्हणाला, बाई, इकाचं हाय का नाही तुमाले? तोंड सांभाळून बोल म्हटलं आणि ठेवला.

१८ ऑक्टोबर
उद्या वर्षश्राद्ध. पहाटे उठून पहिले दार उघडणार, मग उडदाची डाळ वाटणार. यात बदल नाही.

१९ ऑक्टोबर, दुपार
पहिले डाळ वाटली. डाळीला थांबवता येत नाही.

संजीवभाऊजी आणि अंजू मनीषनगरहून लवकरच आले. मी आत वडे तळत होते. बाहेरून गोळीबार. वाटलं, टीव्ही लावला असेल. मग तो आवाज ओळखला. झारा घेऊन तशीच बाहेर आले.

दार उघडलं होतं. किड्यांची आई पडली होती. पडद्यावर नावं वर सरकत होती. भाऊजी दिवाणावर मांडी घालून, रिमोट मांडीत, डोळे बाहीला पुसत.

म्हणाले, झालं, वहिनी. शब्द देला होता न. दुकान बंद ठिवलं आज.

मी तोंडाला येईल ते बोलले. विचारलं का मला? एवढे दिवस त्या दाराशी मी उभी होते, ती कशाला?

ते म्हणाले, काहून उभ्या होत्या, वहिनी?

तेल जास्त तापलं होतं. मी आत गेले.

अंजू मागून आली. हळूच म्हणाली, मले वाटलं, तुमाले जमून नाही राहिलं, म्हणून मीच यांले म्हटलं, तुमी खेळून टाका. मी म्हटलं, पानं पूस आणि वाढायला घे. हा अबोला सुटण्यात धरायचा का ते माहीत नाही.

गच्चीवर पान ठेवलं. कावळा लगेच आला. कोणाला हात जोडावे लागले नाहीत, काही कबूल करावं लागलं नाही. वडा उचलला, कौसल्याबाईंच्या टाकीवर बसून खाल्ला आणि उडून गेला. मागे वळून बघणं नाही.

मी थोडा वेळ तिथेच थांबले. दुसरा कोणी आला तर. नाही आला.

जेवताना भाऊजी रंगात येऊन सांगायला लागले, शेवटी काय होते माहीत हाय का, वहिनी, तो शिपाई... म्हटलं, पुढे बोललात तर वडा मिळणार नाही. घास हातात धरून बघत राहिले. म्हणाले, तुमी तं शेवटचं पान पहिले वाचता न?

वाचत असेन. कढी घ्या म्हटलं.

निघताना पायात चप्पल घालत म्हणाले, शेवटचा भाग परत खेळता येते, दारापासून. मला काय करायचं आहे? शब्द पुरा झाला, विषय संपला.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ
सक्करदऱ्याचा फोन. आता येऊ का, बाई?

म्हटलं, मशीन बिघडली.

खोटं बोलायची मला सवय नाही. त्यामुळे खरंच बिघडली आहे का, हे एकदा पाहावं लागेल. रिमोट चार्जिंगला लावला आहे.

दारापर्यंतच जाणार.