समोर नसलेली गाडी

बुधवार, संध्याकाळ

रफीकभाईंचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

आमच्या कंपनीच्या गाड्या धावता धावता एकमेकींना वायरलेसवरून धोका कळवतात. त्यात कुणी खोटा इशारा घुसवला तर तो अडवायचा, हे माझं काम. आज चाकणच्या टेस्ट ट्रॅकवर आमच्या टीमच्या प्रमुख सरांनी मला न विचारता माझी तपासणी बंद केली आणि ‘पुढे गाडी बंद पडली आहे’ असा खोटाच इशारा सोडला. चालवत होते रफीकभाई, आमचे टेस्ट ड्रायव्हर. त्यांनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. दातांखाली येऊन ओठ फाटला. समोर रस्ता रिकामा.

कॅमेऱ्यात टिपलेला तो घाबरलेला चेहरा सरांनी मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा दाखवला. सगळे हसले. मी हसले का? बहुतेक हसलेच.

रफीकभाई ओठाला रुमाल लावून दारात उभे होते. म्हणाले, “सर, आता मशीन कितीबी बोंबललं तरी मी ब्रेक न्हाई मारणार.”

ते गेल्यावर सर म्हणाले, “बघूच. उद्या वळणापलीकडे भंगारातली खरी गाडी उभी करा. त्याला कुणी सांगायचं नाही.”

घरी आल्याआल्या मी फोन लावला. “रफीकभाई, उद्या समोर खरंच गाडी असणार आहे. इशारा आला की थांबा.”

ते म्हणाले, “मॅडम, तुमी पण हसत होता. मी बघितलं. आता परत उल्लू बनवू नका.”

त्यांनी फोन कट केला. तेव्हापासून लावते आहे. उचलत नाहीत.