मोहोळ उठलं तेव्हा

मोठी आई, आज दुपारी पोरीला घेऊन तुरीच्या बांधावर गेले होते. दिवाळी होऊन गेली, तूर फुलावर आलीय, शेजारच्या रानात बाया कापूस वेचतायत. पोर शाळेत जायला लागली तरी मी तिला कधी रानात नेलं नव्हतं. साप, विहीर, फवारलेली झाडं, सगळंच माझ्या डोळ्यांपुढं येतं. तू मात्र मला शाळेच्या आधी याच बांधावर बसवून पाखरांवरून अक्षरं शिकवलीस. क कोतवालाचा, प परटाचा. पुढं बाईंनी कमळाचं चित्र दाखवलं, मी कोतवालच म्हणत राहिले आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडले, तर तू म्हणालीस, त्यातल्या किती जणांनी कमळ बघितलंय ते विचारून ये.

पोरीला मी तसंच दाखवत होते. तारेवर वेडे राघू बसलेले. एखादा उडतो, हवेतच मधमाशी धरतो आणि परत येऊन ती तारेवर आपटतो. आपटतो कशाला, पोर विचारते. तिचा डंखाचा काटा काढायला, मी सांगते. तिला ते फार आवडलं. ओढ्याकाठच्या पिंपळावर आग्यामोहोळ आहे हे मला माहीत होतं, म्हणूनच इतकं लांब बसले होते. तेवढ्यात एक मोठी घार, मोहोळं फोडून खाणारी, थेट पिंपळात घुसली. पोळ्याचा तुकडा खाली पडला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग माश्या उठल्याचा तो आवाज आला.

कापसातून एक मावशी ओरडली, "खाली बस गं, पोरीला ओढणीत घे. एकबी मारू नको, मारली की बाकीच्या येतेत."

तुरीच्या ओळीत मी पोरीवर वाकून बसले, दोघींवर ओढणी. ओढणी ती केवढीशी. डोक्यावरून आवाज जातोय, मानेवर एक डंख बसतो, लगेच दुसरा. एक माशी ओढणीच्या आत येते आणि पोरीच्या भुवईवर चालायला लागते. पोर हात उचलत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. मी घाबरलेली दिसले तर ती हात मारणार, आणि मग एवढंसं तोंड किती डंख सोसेल? तोंड कसं ठेवावं तेच मला कळत नव्हतं.

"आई, तू घाबरलीस का?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "बिलकुल न्हाई."

माशी कानामागून निघून गेली. बऱ्याच वेळानं आवाज विरला. पोरीला एकही डंख नाही. मावशीनं माझ्या मानेतले काटे नखानं खरवडून काढले आणि ती म्हणाली, शहरात राहून बी गप बसायचं कळतं म्हणायचं. मी हसले, आणि उठायला गेले तर पोरीनंच मला हात दिला.

खोटं बोलायचं नाही, हे तूच शिकवलंस. लहान मुलाशी तर मुळीच नाही. आज ते किती सहज तोंडून गेलं. तेव्हापासून मला दवाखान्यातली तू आठवतेयस. ऑपरेशनच्या सकाळी मी विचारलं होतं, भीती वाटते का. तू म्हणालीस, "न्हाई गं. तू जा, तुझा पेपर दे." मी गेले, निवांत मनानं पेपर लिहिला. संध्याकाळी तू नव्हतीस. मोठी आई गेली पण घाबरली नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले.

त्या सकाळी तूही माझ्यासाठीच तोंड तसं ठेवलं होतंस का? विचारते खरी. पण हे पत्र कुठं जाणार नाही, त्याचं उत्तर येणार नाही, आणि खरं सांगू, त्याचं मला बरंच वाटतंय.